तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर

कोल्हापूरजवळच्या कळंब्यातले एक अण्णा या प्रकरणापुरते आपण धरून चालू. वय ६१. उमेदीची वर्षं गुऱ्हाळावर गेली. आता सकाळी नातवाला शाळेत सोडायचं आणि संध्याकाळी कळंबा तलावाच्या कडेनं फेरी मारायची, एवढाच व्याप. अण्णा काल्पनिक आहेत, पण त्यांचं दुखणं कुठल्याही ओपीडीत रोज भेटतं. गेले तीन महिने कात्यायनीच्या चढाला लागलं की छातीत धरल्यागत होतं. दोन मिनिटं थांबलं की जातं. तलावाच्या सपाटीला काहीच होत नाही.

थोरल्या मुलानं शहरात नेऊन अँजिओग्राफी करून आणली. एका रक्तवाहिनीत ऐंशी टक्के ब्लॉक निघाला. खोलीत डॉक्टर, अण्णा आणि मुलगा. दाराशी पुढच्या नंबरचे दोघं आत डोकावताहेत. डॉक्टर पडद्यावर बोट ठेवतात, "हा बघा. स्टेंट टाकून घेऊ. योजनेत बसतंय." अण्णा पडद्याकडं बघत नाहीत, मुलाकडं बघतात. मग म्हणतात, "तुम्ही म्हणशीला तसं. आमास्नी काय कळतंय त्यातलं." फॉर्म पुढं सरकतो. सही मुलगा करतो.

वरवर पाहिलं तर यात खटकावं असं काहीच नाही. डॉक्टर हुशार आहेत, बोलणं सभ्य आहे, उपचार फुकट आहे. पण अण्णांना नेमकी कसली भीती वाटते, चढ चढणं त्यांच्या लेखी किती महत्त्वाचं आहे, गोळ्यांवर भागू शकेल का, हे तीन प्रश्न त्या खोलीत कुणी विचारलेच नाहीत. आणि 'तुम्ही म्हणशीला तसं' हे वाक्य सगळ्यांनी होकार म्हणून ऐकलं. त्यात विश्वास असेल. भीड असेल. 'मला लवकर बाहेर जाऊ द्या' असंही असेल. किंवा समोर ठेवलेल्या पर्यायांपैकी एकच दिसतो आहे, हे साधं वास्तव असेल. या वाक्यावर पुढं काय बोलायचं, हे डॉक्टरांना शिकवता येतं का, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आधी आपल्या भाषेकडं बघा. दवाखान्यात 'कन्सेंट घेतला' म्हणतात, 'सही घेतली' म्हणतात. पेशंटनं कन्सेंट दिला असं क्वचितच ऐकू येतं. तपासणीसाठी रक्त घ्यावं तसा तो घेतला जातो. नातेवाइकांचं 'काउन्सेलिंग करतात', म्हणजे बहुधा आधीच ठरलेलं गळी उतरवतात. आणि पेशंटनं वेगळं काही ठरवलं तर त्याच्यासाठी एकच रकाना असतो, 'डामा', म्हणजे डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध घरी जाणं. निवासी डॉक्टरांच्या तोंडी तो शब्द इतका रुळलाय की 'सतरा नंबरचा डामा गेला' हे वाक्य कुणाला विचित्रही वाटत नाही.

कायद्याची भाषाही फार पुढं नव्हती. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतलं ७.१६ क्रमांकाचं कलम ऑपरेशनपूर्वीच्या लेखी संमतीबद्दल आहे. संमती कुणाची? आधी पती किंवा पत्नीची, मग अज्ञान मुलाच्या आईवडलांची वा पालकाची, आणि सगळ्यात शेवटी, 'किंवा यथास्थिती स्वतः रुग्णाची'. ज्याच्या पोटाला चीर पडणार तो रांगेत शेवटी!

हा क्रम सर्वोच्च न्यायालयानं उलटा केला तो समीरा कोहली खटल्यात, १६ जानेवारी २००८ रोजी. १९९५ मधली गोष्ट. दिल्लीतली ४४ वर्षांची अविवाहित बाई, पाळीचा रक्तस्राव थांबत नाही म्हणून डॉक्टरांकडं गेली. दुर्बीण घालून तपासायचं ठरलं, भूल दिली. आत बघून डॉक्टरांना वाटलं की गर्भाशय काढणंच बरं. सहायक डॉक्टर बाहेर आल्या, बाईच्या म्हाताऱ्या आईची सही घेतली, आणि गर्भाशय, बीजांडकोश, बीजवाहिन्या सगळं काढलं. न्यायालयानं सांगितलं की पेशंट सज्ञान आहे, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, जिवावरचा प्रसंग नव्हता; तेव्हा आईची सही ही संमतीच नव्हे. तपासणीला दिलेला होकार उपचाराला लागू होत नाही. उपचाराचं स्वरूप, हेतू, दुसरे पर्याय, ठळक धोके आणि उपचार नाकारला तर काय होईल, इतकी माहिती देणं डॉक्टरांना बंधनकारक ठरलं. भरपाई मिळाली २५ हजार रुपये, शिवाय डॉक्टरांची फी बुडाली. रक्कम मोठी नाही. पण त्या निकालानं अण्णांच्या मुलाची सहीही प्रश्नांकित होते, आणि आपल्याकडच्या फॉर्मवर 'रुग्णाची / नातेवाइकाची सही' अशी तिरपी रेघ आजही छापलेली असते.

ब्रिटनमध्ये २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मॉन्टगोमेरी खटल्यात आणखी एक पाऊल टाकलं. मधुमेह असलेल्या, ठेंगण्या बांध्याच्या गरोदर बाईला, प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता शंभरात नऊ-दहा आहे हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर बायका सिझेरियनच मागतील, असं त्यांचं म्हणणं. बाळाचा खांदा अडकला आणि मूल कायमचं अपंग झालं. न्यायालयानं विचारलं ते साधारण असं: इतर डॉक्टरांनी काय सांगितलं असतं हे राहू द्या, त्या जागी असलेल्या माणसाला काय जाणून घ्यावंसं वाटलं असतं?

पण कायद्याच्या धाकानं संभाषण सुधारत नाही, फॉर्म लांबतो. चार पानी इंग्रजी फॉर्मवर खुणेच्या ठिकाणी सह्या करून घेणारा ज्युनिअर डॉक्टर कायद्याच्या दृष्टीनं सुरक्षित असतो. अण्णा होते तिथंच असतात.

आता अण्णांचा ब्लॉक. इथं जरा थांबायला हवं, कारण दोघांनी मिळून ठरवण्याजोगा निर्णय कुठला आणि कुठला नाही, हे ओळखणं हाच प्रशिक्षणातला पहिला धडा. मध्यरात्री घामाघूम होऊन हार्ट अटॅक घेऊन आलेल्या माणसाशी पर्यायांची चर्चा करत बसायचं नसतं. तिथं अँजिओप्लास्टी जीव वाचवते आणि एकेक मिनिट मोलाचं असतं. अण्णांचं तसं नाही. चढाला दुखतं, थांबलं की जातं, याला स्थिर अंजायना म्हणतात. अशा पेशंटांवर 'इस्केमिया' नावाची मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ३७ देश, त्यात भारतही, आणि ५,१७९ पेशंट. अर्ध्यांना गोळ्या आणि सोबत लगेच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास. अर्ध्यांना आधी फक्त गोळ्या. साधारण सव्वातीन वर्षं पाठपुरावा केल्यावर मृत्यू किंवा अटॅकच्या प्रमाणात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. मात्र ज्यांना वारंवार छातीत दुखत होतं, त्यांचं दुखणं स्टेंटच्या बाजूला जास्त कमी झालं. आणि गोळ्यांवर ठेवलेल्यांपैकी शंभरातल्या साधारण एकवीस जणांना चार वर्षांच्या आत स्टेंट किंवा बायपास लागलाच. डाव्या मुख्य धमनीत ब्लॉक असलेले, हृदयाची ताकद फारच कमी झालेले, नुकताच अटॅक आलेले पेशंट या चाचणीत नव्हते, हेही त्याच दमात सांगायला हवं.

म्हणजे अण्णांपुरतं बोलायचं तर स्टेंटनं आयुष्य वाढेल असं नाही, चढ सोपा होईल असं आहे. आता चढ किती महत्त्वाचा, हे कुठल्या हृदयतज्ज्ञाला ठाऊक असणार? ते फक्त अण्णांना ठाऊक.

पेशंटला हे माहीत असतं का? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका रुग्णालयात अँजिओप्लास्टीसाठी आलेल्या १५३ पेशंटांना विचारलं. २०१० साली तो अभ्यास छापून आला. ८८ टक्क्यांना वाटत होतं की यानं आपला अटॅक टळणार. त्यांच्या डॉक्टरांपैकी बहुतेकांचं मत तसं नव्हतं. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलेली माणसं दोन वेगळ्या ऑपरेशनांबद्दल बोलत होती, आणि दोघांनीही एकाच कागदावर सही केली होती. आपल्याकडं तर 'योजनेत बसतंय' हे वाक्य युक्तिवाद संपवतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना गरिबाच्या दृष्टीनं मोठाच आधार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिची पॅकेजं मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांची आहेत. महिन्याच्या गोळ्या पॅकेजमध्ये बसत नाहीत, आणि पेशंटशी वीस मिनिटं बोलण्याचं पॅकेज अजून कुणी काढलेलं नाही.

आता प्रशिक्षण. डॉक्टरला पेशंटशी बोलायला शिकवायचं ही कल्पनाच आपल्याकडं बरीच वर्षं हास्यास्पद वाटायची. बोलणं काय शिकवायचं? ते सरांच्या मागं राउंडला फिरून येतं. आणि खरंच यायचं. सर जसं बोलतात तसं. वैद्यक परिषदेनं २०१८ मध्ये 'एटकॉम' नावाची पुस्तिका काढली, वृत्ती, नीती आणि संवाद या तीन गोष्टींची, आणि २०१९ च्या ऑगस्टपासून एमबीबीएसला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती लागू झाली. पहिल्याच वर्षी एका पाठाचा विषय आहे, पेशंट असणं म्हणजे काय. दुसऱ्या एका पाठात शवविच्छेदनाचा देह हा आपला पहिला गुरू कसा, याची चर्चा असते. कोल्हापुरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी ज्या सीपीआर रुग्णालयात शिकतात, त्याला जुनी माणसं अजून थोरला दवाखाना म्हणतात. तिथं कर्नाटक सीमेवरून कानडी बोलणारे येतात, कोकणातून घाट चढून येतात. नांदेडहून शिकायला आलेल्या पोरीला 'धरल्यागत', 'कळ', 'चमक' आणि 'भरून येणं' यांतला फरक पुस्तकात सापडत नाही. नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या महिन्याभराच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेला जागा दिली, ते शहाणपणाचं झालं.

पण एटकॉमचा तास आणि ओपीडीची रांग यांत फार अंतर आहे. ६७ देशांतल्या अभ्यासांची गोळाबेरीज २०१७ मध्ये झाली, त्यात भारतातल्या प्राथमिक तपासणीचा वेळ साधारण दोन मिनिटं निघाला, स्वीडनचा साडेबावीस. 'दोन मिनिटांत कसला विचारविनिमय करता?' असं डॉक्टर म्हणतात, त्यांचं खोटं नाही. मात्र यातला एक समज तपासून बघण्यासारखा आहे, तो म्हणजे पेशंटला बोलू दिलं तर तो थांबतच नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत टेप लावून मोजलं, तर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडत होते. पुढं स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या रुग्णालयात डॉक्टरांना सांगितलं, पेशंट आपणहून थांबेपर्यंत गप्प बसा. ३३५ पेशंटांचं घड्याळ लावलं. सरासरी ९२ सेकंद. पाचांतले जवळपास चार जण दोन मिनिटांत थांबले. आपले अण्णा तर तीस सेकंदांतच थांबतील. त्यांना बोलतं करायला उलट खटपट करावी लागेल.

त्या खटपटीची एक बांधणी आहे. ग्लिन एल्विन हे मूळचे वेल्समधले डॉक्टर. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ती मांडली आणि २०१७ मध्ये दुरुस्त केली. तीन बोलणी. पहिल्यात पेशंटला सांगायचं की इथं ठरवण्यासारखं काही आहे आणि आपण मिळून ठरवू. दुसऱ्यात पर्याय, त्यांचे फायदेतोटे. तिसऱ्यात, तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं काय, यावरून निर्णयाकडं येणं. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की वर्गातली हुशार मुलं जांभई देतात. मग त्यांना खोटा पेशंट दिला जातो. पेशंटचं सोंग शिकवून तयार केलेला माणूस वापरण्याची पद्धत १९६० च्या दशकात हॉवर्ड बॅरोज या मेंदूतज्ज्ञानं लॉस एंजेलिसमध्ये सुरू केली. आपल्या गावाकडच्या तमाशाच्या फडात, भजनी मंडळात असली कामं चोख करणारी माणसं डझनानं मिळतील, हे माझं स्वतःचं मत.

असा वर्ग डोळ्यांसमोर आणा. खुर्चीत सोंगातले अण्णा. समोर पोस्ट-ग्रॅज्युएशन करणारी डॉक्टर. कोपऱ्यात मोबाइल स्टँडवर लावून चित्रण चालू. ती छान समजावते, चित्रही काढते. अण्णा म्हणतात, "तुम्ही म्हणशीला तसं." आणि ती सुटकेचा श्वास टाकून फॉर्म काढते. नंतर चित्रण लावतात. तिला स्वतःलाच दिसतं की "काही शंका?" विचारताना तिचा हात फाइल मिटत होता. अण्णांचं तोंड उघडलेलं, आणि फाइल मिटल्यावर ते मिटतं. हा अर्धा सेकंद शंभर व्याख्यानांत शिकवता येत नाही.

मग ती पुन्हा बसते. या वेळी त्याच वाक्यावर ती म्हणते, "सांगते, अण्णा. माझं मत मी देणारच आहे, ते काही चुकवत नाही. पण त्याआधी मला तुमच्याकडून दोन गोष्टी कळायला पाहिजेत." आणि मग गप्प बसते. मनात दहा आकडे मोजायचे, असं तिला सांगितलेलं असतं. सहाव्या आकड्याला अण्णा बोलायला लागतात. 'काही शंका?' ऐवजी 'आणखी काय काय विचारायचं होतं?' असं म्हणायचं, ही लहानशी अदलाबदलही अशाच वर्गात घोटली जाते.

आकडे सांगण्याचीही तालीम असते. १९८२ च्या एका गाजलेल्या प्रयोगात फुप्फुसाच्या कॅन्सरवरचं ऑपरेशन एका गटाला '९० टक्के जगतात' असं सांगितलं, दुसऱ्याला '१० टक्के दगावतात' असं. पहिल्या गटानं ऑपरेशन जास्त पसंत केलं, आणि मौज म्हणजे डॉक्टरही त्याला अपवाद नव्हते. म्हणून दोन्ही बाजू सांगायच्या, टक्क्यांऐवजी माणसं मोजायची. 'शंभर अण्णा आहेत असं धरा, गोळ्या घेणारे. चार वर्षांत त्यांतल्या एकवीस जणांना पुन्हा आमच्याकडं यावं लागलं, एकोणऐंशींना नाही.' कागदावर शंभर टिंबं काढून एकवीस रंगवली की गुऱ्हाळात गुळाच्या भेल्या मोजणाऱ्या माणसाला ते लगेच उमगतं. टक्केवारी त्याला सोसायटीच्या व्याजाची आठवण करून देते, आणि ती काही सुखद नसते.

जर्मनीत कील इथल्या विद्यापीठ रुग्णालयानं २०१७ पासून हेच सबंध रुग्णालयाच्या पातळीवर करून बघितलं. डॉक्टरांच्या खऱ्या, पेशंटच्या परवानगीनं चित्रित केलेल्या भेटींवर एकेकाला बसवून अभिप्राय दिला, नर्सना तयार केलं, आणि पेशंटांनाही प्रश्न विचारायला शिकवलं. ही शेवटची बाजू आपण नेहमी विसरतो. माहितीपत्रकं, चित्रफिती अशा साधनांचा फायदा चांगला सिद्ध झालाय. शंभरावर चाचण्यांच्या आढाव्यात पेशंटची समज वाढलेली दिसली, आणि भेट सरासरी अडीचेक मिनिटांनी लांबली. डॉक्टरांच्या प्रशिक्षणाबद्दल मात्र पुरावा इतका ठाम नाही. २०१८ च्या आढाव्यात ८७ अभ्यास तपासले गेले आणि नेमकं कुठलं प्रशिक्षण लागू पडतं हे खात्रीनं सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. एक दिवसाची कार्यशाळा, दुपारचं जेवण आणि प्रमाणपत्र यानं काही बदलतं असं मला तरी वाटत नाही. पोहायला शिकवताना कुणी तलावाचा नकाशा वाटत नाही.

बाहेरच्या बांधण्या जशाच्या तशा आणून इथं चालत नाहीत, कारण त्यांत खोलीत दोनच माणसं असतात. आपल्याकडं मुलगा असतो, जावई असतो, पुण्याची पुतणी फोनवर असते. 'घरात विचारून सांगतो' हे वाक्य डॉक्टरांना टाळाटाळ वाटतं. खरं तर निर्णय तिथंच व्हायचा असतो. दवाखान्यात फक्त कच्चा माल मिळायचा असतो. म्हणून हुशार प्रशिक्षक विचारायला शिकवतात, 'घरी गेल्यावर काकूंना यातलं काय सांगाल?' उत्तरावरून कळतं की आपण नीट सांगितलं की नाही. परीक्षा पेशंटची नसते, सांगणाऱ्याची असते, आणि ते तसं बोलून दाखवायचं. याची दुसरी, अवघड बाजू म्हणजे 'त्यांना सांगू नका, धसका घेतील'. कॅन्सरच्या वॉर्डाबाहेर रोज ऐकू येणारं हे वाक्य. तिथं नातेवाइकांशी भांडण्यात अर्थ नसतो. आत जाऊन पेशंटलाच विचारायचं, 'तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती सांगितलेलं आवडेल? तुम्हाला सांगू, की मुलाला सांगितलेलं चालेल?' काहीजण 'मुलाला सांगा' म्हणतात. तोही त्यांचाच निर्णय असतो, आणि तो मानायचा.

महाराष्ट्राला हे सगळं नवं आहे असं समजू नये. बाईला माहिती द्या आणि ठरवू द्या, या आग्रहापायी र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि 'समाजस्वास्थ्य' चालवताना खटले सोसले. त्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानं १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. पुढं वीस वर्षं नर्सबाईंच्या डोक्यावर टार्गेट होतं. 'केस आणणे' हा शब्दप्रयोग त्या काळातला. एप्रिल १९९६ मध्ये देशभर टार्गेट काढलं गेलं आणि उपकेंद्रातल्या सिस्टरना, नंतर आशाताईंना, पर्याय समोर ठेवायला शिकवलं जाऊ लागलं. तांबी, गोळ्या, निरोध, २०१७ पासून तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन आणि 'छाया' गोळी. माझ्या मते मिळून निर्णय घ्यायचं या देशातलं सगळ्यात मोठं प्रशिक्षण ते हेच, एमबीबीएसच्या कितीतरी आधीचं, आणि ते दहावी-बारावी शिकलेल्या बायकांना दिलं गेलं. टार्गेटची सावली कागदावरून गेली तितकी मनातून गेली नाही, हा भाग वेगळा.

अंतराचंच बघा. इंजेक्शननं पाळी अनियमित होते, कधी बंद होते, आणि ते धोक्याचं नसतं, एवढं पुस्तिकेत असतं. पण ज्या घरात अजून पाळीला बाजूला बसवतात, तिथं महिन्यातून पंधरा दिवस थोडं थोडं अंगावरून जाणं म्हणजे काय, हे त्या बाईलाच माहीत. आशाताई त्याच गल्लीतली असेल तर तिलाही. त्या एका गोष्टीवरून तांबी की इंजेक्शन हे ठरू शकतं, आणि ती कुठल्याच डॉक्टरच्या डोक्यात येत नाही.

अण्णांच्या कळंब्याचं नाव कोल्हापूरबाहेर पोचलंय ते मध्यवर्ती कारागृहामुळं. 'कळंब्याला गेला' म्हटलं की कुठं ते सांगावं लागत नाही. तिथला बंदी आजारी पडला की त्याच्या तपासणीत तिसरा माणूस हमखास असतो, सोबतचा पोलीस. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेले नेल्सन मंडेला नियम सांगतात की बंद्याची तपासणी संपूर्ण गोपनीय असावी आणि आपल्या तब्येतीबाबत त्याच्या संमतीला बाहेरच्या माणसाइतकंच वजन असावं. बेडी घातलेल्या हातानं फॉर्मवर सही करणारा माणूस 'नको' म्हणू शकतो का? प्रशिक्षणात यावर तात्त्विक चर्चेपेक्षा एक साधं वाक्य उपयोगी पडतं: 'हवालदारसाहेब, दारात उभं राहा, तुम्हाला दिसू द्या, फक्त ऐकू येऊ नये.'

उलट्या टोकाचा एक धोकाही आहे. पर्याय मांडून डॉक्टरनं अंग काढून घेणं. 'ए केलं तर असं, बी केलं तर तसं, काय ते ठरवून सांगा' आणि पुढचा नंबर. हॉटेलात मेनूकार्ड टाकून जाणाऱ्या पोऱ्यासारखं. पेशंट अशा वेळी पहिल्यापेक्षा जास्त एकटा पडतो. जबाबदारी वाटून घ्यायची म्हणजे टाकून द्यायची नाही, आणि डॉक्टरनं आपलं मत सांगणं यात गुन्हा नाही. ते ऐकून घेतल्यावर सांगायचं, एवढंच.

तर अण्णा पुन्हा खोलीत. समोर वर्गात तालीम केलेली तीच डॉक्टर, आणि या वेळी काकूही आल्यात. सहाव्या आकड्याला अण्णा म्हणतात, "मरायचं भ्या न्हाई मला. पण चैत्रात जोतिबाला सासनकाठीबरोबर जायचंय. मधीच बसावं लागलं डोंगरावर तर समदे बघतील." मुलगा म्हणतो, "मॅडम, रात्री झोपेत काय झालं तर? म्हणून म्हणतोय स्टेंट टाका." म्हणजे मुलाला अटॅकची धास्ती आणि बापाला चढाची. पहिल्या भेटीत या दोन वेगवेगळ्या दुखण्यांवर एकच सही झाली होती. मुलाला ती टिंबांचा कागद दाखवते. अशा ब्लॉकमध्ये स्टेंटनं ती धास्ती मिटत नाही, गोळ्या, बिडी बंद आणि रक्तदाब यानं कमी होते. अण्णांना सांगते, चढासाठी स्टेंटचा उपयोग आहे, पण आधी गोळ्यांनी किती फरक पडतो ते बघता येईल. दिवाळी झालीय, चैत्राला अवकाश आहे.

अण्णा विचारतातच, "तुमचं वडील असते तर काय केलं असतं?"

"माझे वडील जिना चढायला सांगितलं तरी लिफ्ट शोधतात. त्यांना मी गोळ्याच दिल्या असत्या," ती म्हणते. "तुम्हाला संक्रांतीपर्यंत गोळ्या देऊन बघावं असं मला वाटतं. चढाला तेवढंच दुखत राहिलं तर स्टेंट टाकू, जोतिबाच्या आत. चालेल?"

अण्णा काकूंकडं बघतात. काकू मान हलवतात. केसपेपरवर ती लिहिते: आधी गोळ्या, संक्रांतीनंतर फेरविचार, ध्येय जोतिबाचा चढ. मग जिभेखालच्या गोळीची पट्टी हातात देऊन विचारते, "आता मी नीट सांगितलं का बघू. वाटेत छातीत धरलं तर काय करायचं?"

"बसायचं. गोळी जिभेखाली. पाच मिन्टात गेलं न्हाई तर १०८ ला फोन."

"आणि बसल्या जागी, काही न करता दुखायला लागलं तर?"

"तर मग थांबायचंच न्हाई. तडक यायचं."

"गोळी कुठं ठेवणार?"

"बंडीच्या खिशात."

"बंडी रोज धुवायला पडतीय," काकू म्हणाल्या. "खिशासकट."

हे डॉक्टरच्या लक्षात आलं नव्हतं. दोन पट्ट्या लिहून दिल्या, एक काकूंच्या बटव्यात.